भाता बदला, सूर राखा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस महाराष्ट्रात एक मोठा संहार चालू असतो. आपण त्याला झाडलोट म्हणतो. माळे रिकामे होतात, अडगळीच्या खोल्यांची कुलपे निघतात, आणि गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली की घरातली शहाणीसुरती माणसे त्याच्या काट्याभोवती जमतात. तांब्याचा बंब जातो, आजीचे पितळी डबे जातात, आजोबांची लोखंडी ट्रंक जाते. जावोत बापडे! माझी तक्रार त्यांच्यासाठी नाही. पण यंदा त्या काट्यावर तुमच्या घरातली, शाळेतली किंवा देवळातली एखादी जुनी पायपेटी, एखादा जुना ऑर्गन चढायचा असेल, तर घटकाभर थांबा. माझे भांडण त्याविषयी आहे.

हे भांडण भंगारवाल्याशी मुळीच नाही. तुम्ही जे विकायला काढाल ते तो घेतो. त्याच्या धंद्यात सचोटी आहे. माझे भांडण आहे तीन प्रकारच्या सुशिक्षितांशी. पहिला म्हणतो, ‘टाकून द्या, आता विजेवर चालणारा कीबोर्ड मिळतो.’ दुसरा म्हणतो, ‘छे छे, हात लावू नका, ही पुराणवस्तू आहे!’ तिसरा म्हणतो, ‘आतले सगळे काढून नवे घाला, वरचे लाकूड तेवढे ठेवा.’ तिघांची तोंडे तीन दिशांना. पण तिघांच्या हातून घडते ते एकच. वाद्य मुके होते.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. ऑर्गन हे वाद्य आहे, तसेच ते यंत्रही आहे. यंत्राचे काही भाग झिजण्यासाठीच असतात. ते झिजले की निःशंकपणे बदलावेत. आणि ज्या भागांतून त्या वाद्याचा स्वतःचा आवाज निघतो, ते भाग जिवापाड जपावेत. काय बदलायचे आणि काय राखायचे, हा विवेक म्हणजेच दुरुस्ती. तो विवेक सोडला की एका बाजूला भंगार उरते, दुसऱ्या बाजूला शोभेची वस्तू आणि तिसऱ्या बाजूला सोंग.

आता कोणी म्हणेल, एवढे काय आहे त्या पेटाऱ्यात? सांगतो. हार्मोनिअमचे पेटंट पॅरिसच्या डेबेन नावाच्या कारागिराने १८४२ साली घेतले. पुढे अमेरिकेत या वाद्याची दुसरी जात वाढली. हवा बाहेर ढकलण्याऐवजी ती आत ओढून घेणारा भाता तीत बसवला जाई. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने एकटीने पाच लाखांवर असे ऑर्गन बांधले आणि १९६० मध्ये कारखाना बंद केला. अमेरिकेत हे वाद्य दिवाणखान्यात आणि प्रार्थनामंदिरात राहिले. मराठी माणसाने मात्र ते उचलून थेट रंगभूमीवर नेले!

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १९११ साली ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या गाण्यामागे सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असा थाट एका काळी होता. पुढच्या काळात गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) आणि तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांच्या बोटांनी हेच वाद्य बोलत राहिले. ध्वनिवर्धक आले नव्हते त्या दिवसांत शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत सूर पोचवणारा आणि गाणाऱ्या नटाच्या पाठीशी भिंतीसारखा उभा राहणारा हा गडी होता. पडदा वर जाण्यापूर्वी नांदीचा षड्ज त्याने दिला की नाट्यगृहातली कुजबुज आपोआप थांबे.

विद्वानांनी या कुळाला पूर्वीही झोडपले आहे. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनिअमला दार बंद केले, ते १९७१ मध्ये पुन्हा किलकिले झाले. तीस वर्षांची ती बंदी पेटीला मारू शकली नाही. घरोघरी, भजनोभजनी ती वाजतच राहिली. सरकारी हुकमाने जी मेली नाही, ती आपल्या झाडलोटीने मरावी, हा न्याय मोठा अजब आहे!

पण वाद घालण्यापूर्वी वस्तू उघडून पाहावी, असे आम्हा मास्तर लोकांना वाटते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस; ध्वनिशास्त्रातला पंडित नव्हे. पण ऑर्गन कळायला पदवी लागत नाही. मागची फळी काढली की सगळे डोळ्यांपुढे येते. खाली दोन पावड्या. एक पाय दाबला की पट्टा ओढला जातो, पट्ट्याने मागचा छोटा भाता उघडतो आणि मोठ्या भात्यातली हवा खेचून घेतो. दुसरा पाय दाबला की दुसरा छोटा भाता तेच करतो. दोन्ही पाय आळीपाळीने चालत राहिले की मोठ्या भात्यातली ओढ एकसारखी राहते. वर साधारण ६१ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की तिच्याखालची दांडी खाली जाते आणि नमदा-चामडे लावलेली झडप उघडते. बाहेरची हवा एका अरुंद फटीतून आत घुसते. त्या फटीत एक पितळी जीभ असते. ती थरथरते आणि आवाज उमटतो. या जिभांनाच पेटीवाले ‘सूर’ म्हणतात. शब्द किती नेमका! सुरांच्या दोन ओळी असल्या तर १२२ सूर झाले. शिवाय समोर ओढायच्या खुंट्या, आणि आवाज चढवण्या-उतरवण्यासाठी गुडघ्याने ढकलायचे दोन कान. काही ऑर्गनांत एक खुंटी ओढली की आतला एक चिमुकला पंखा हवेच्या ओढीनेच फिरू लागतो आणि सुराला माणसाच्या गळ्यासारखी कंपने देतो. वीज नाही, मोटर नाही, फक्त वारा!

आता यातले काय झिजते ते पाहा. भात्याचे कापड कडक होते आणि घडीवर चिरते. पावड्यांचे पट्टे तुटतात. झडपांचे चामडे वाळते, नमद्याला कसर लागते, राहिलेले उंदीर खातात. स्प्रिंगा गंजतात. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकून बसतात. म्हणजे झिजते ते कापड, कातडे, नमदा, तार. आणि टिकते काय? पितळी सूर आणि ते ज्या लाकडी कप्प्यांत बसतात ते जुने, मुरलेले लाकूड. नीट ठेवलेला सूर शंभर वर्षांनंतरही वाजतो. बांधणाऱ्यानेच अशी विभागणी करून ठेवली आहे. काय बदलायचे आणि काय राखायचे, याचे उत्तर त्याने स्क्रू आणि सरस यांच्या भाषेत लिहून ठेवले आहे, वाचणारा पाहिजे.

पहिल्या प्रकारचा गृहस्थ हे वाचायलाच तयार नसतो. त्याला कीबोर्ड स्वस्त वाटतो, हलका वाटतो, आणि त्यात ऑर्गनचाही आवाज आहे असे तो सांगतो. असेल. कीबोर्डशी माझे वैर नाही. लग्नाच्या वरातीपासून बालनाट्यापर्यंत त्याने पुष्कळांची सोय केली आहे. पण गायक ताणेवर चढला की ऑर्गनवाल्याचा पाय नकळत जोर धरतो, गुडघा कान ढकलतो, आणि सूर त्याच्याबरोबर फुगत जातो. गायक समेवर आला की तोच सूर विसावतो. ही साथ बोटांची नसते, सबंध शरीराची असते. ती बटणात साठवून ठेवता येत नाही.

दुसरे असे की, स्वस्त काय आणि महाग काय याचा हिशेब एका दिवाळीपुरता करायचा नसतो. कीबोर्डची आतली पाटी जळाली आणि ते मॉडेल बाजारातून गेलेले असले, तर दुकानदार तुमच्याकडे दयेने पाहतो आणि नवा दाखवतो. ऑर्गनचे मात्र जे जे झिजते ते ते तालुक्याच्या गावी तयार होऊ शकते. पट्टा चांभाराकडे, दांडी सुताराकडे, स्प्रिंग लोहाराकडे. कापड, कातडे, सरस आणि संयम एवढी सामग्री हाताशी असली की झाले. जी वस्तू गावातल्या गावात दुरुस्त होते ती जुनाट, आणि जी कचऱ्यात टाकण्यावाचून गत्यंतर नाही ती आधुनिक, असा कोश कोणी लिहिला असेल तर तो कोश आधी भंगारात घालावा.

आमच्या भागातल्या एका संस्थेने काही वर्षांपूर्वी आपला ऑर्गन असाच विकला. ठरावात शब्द होता ‘निरुपयोगी सामान’. मी चौकशी केली तेव्हा कळले की आतले पितळ वेगळे काढून वेगळ्या भावाने दिले, लाकूड जळणाच्या भावाने दिले, आणि पावती व्यवस्थित फाइलला लावली. हिशेबात एका पैचीही चूक नव्हती! त्या ऑर्गनचा बिघाड काय होता? पावड्यांचे दोन्ही पट्टे तुटले होते. दोन पट्टे! बैलाची दावण तुटली म्हणून बैल कसायाला विकणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणू? पण तो ठराव एकमताने झाला होता, आणि एकमताने झालेली गोष्ट आपल्याकडे पवित्र असते.

दुसऱ्या प्रकारचा मनुष्य याहून सुसंस्कृत. तो विकत नाही, उलट मिरवतो. त्याच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात ऑर्गन असतो. वर फुलदाणी, शेजारी पूर्वजांचा फोटो आणि खाली पावड्यांना सुतळी बांधलेली, पोरांनी दाबू नयेत म्हणून. दुरुस्त का करत नाही असे विचारले तर म्हणतो, ‘त्याचे मूळपण जाईल.’ हे मूळपण म्हणजे काय? उंदराने कुरतडलेला नमदा हे मूळपण? चिरलेला भाता हे मूळपण? ऑर्गन बांधणाऱ्याने तो वाजावा म्हणून बांधला. न वाजणारा ऑर्गन हा मूळ ऑर्गन नव्हेच. ते त्याचे प्रेत आहे, आणि प्रेताला कितीही चांगले पॉलिश केले तरी ते उठून बसत नाही.

घरातल्या नंदादीपाकडे पाहा. तेल रोज नवे, वात रोज नवी. दिवा मात्र पणजोबांच्या काळचा. हा पणजोबांचा दिवा नव्हे, असे कोणी म्हणते का? मूळ वात जपायची म्हणून दिवा न लावणाऱ्याच्या घरात काय राहील? अंधार! आपल्या पूर्वजांनी यासाठी एक सुंदर शब्द दिला आहे, जीर्णोद्धार. अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवळांचे जीर्णोद्धार केले. मूळपण गेले म्हणून भक्तांनी दर्शन थांबवले नाही. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करायचा, त्याला काचेच्या कपाटात घालायचे नाही, हा धडा आपल्या परंपरेतच आहे. आणि पुराणवस्तूच्या भक्तांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. वाद्य वाजत नसले की लवकर कुजते. चामडे ताठरते, धूळ सुरांच्या फटीत बसते, भात्यात उंदीर संसार थाटतात. रोज अर्धा तास वाजणारा ऑर्गन बंद ऑर्गनपेक्षा अधिक काळ निरोगी राहतो.

पण हाच जीर्णोद्धार शब्द तिसऱ्या माणसाच्या तोंडी पडला की माझ्या पोटात गोळा येतो. काळ्या दगडाच्या देवळाला गुलाबी ऑइलपेंट देणारा आणि गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसवणारा तो हाच. यात उत्साह उदंड, विवेक नाही. तो ऑर्गन उघडतो, भाता कापून काढतो, त्या जागी कीबोर्ड बसवतो आणि म्हणतो, ‘बघा, बाहेरून कळतसुद्धा नाही!’ हीच तर तक्रार आहे. जे आतून मेले ते बाहेरून कळू नये, याला सुधारणा म्हणत नाहीत.

याचे सौम्य रूप अधिक धोकादायक आहे, कारण ते दुरुस्तीच्या नावाने येते. भात्याला रेक्झिन चिकटवायचे, तेही कधी न सुटणाऱ्या डिंकाने. जुना कारागीर सरस वापरी. हाडा-कातड्यापासून केलेला, गरम पाण्यावर वितळवून लावायचा तो तांबूस सरस. त्यात मागासलेपणा नव्हता, दूरदृष्टी होती. सरसाचा सांधा ओलसर उष्णतेने पुन्हा सुटतो. म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला लाकूड न फोडता तो उघडता येतो. आजचा डिंक त्याच्यापेक्षा घट्ट बसतो, हे मान्य. पण उघडताना लाकडाचा टवका घेऊन निघतो. आपण केलेले काम पुढच्या माणसाला उकलता यावे, ही दुरुस्तीतली खरी नीती आहे. सरस ती पाळतो.

त्याहून मोठे पाप सुरांच्या बाबतीत घडते. हल्ली मोबाइलमध्ये सूर मोजण्याचे ॲप असते. जुना ऑर्गन त्याच्यासमोर वाजवला की काटा एका बाजूला झुकतो आणि आमचा सुधारक ओरडतो, ‘बेसूर!’ अरे बाबा, तो ऑर्गन जन्मला तेव्हा तुझे माप जन्मले नव्हते. १८५९ साली फ्रान्सने ‘ए’ या स्वराला सेकंदाला ४३५ कंपने ठरवली. आज सर्वत्र चालणारे ४४० चे माप १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. त्या मधल्या काळात गावोगावच्या आणि कारखान्याकारखान्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या होत्या. ऑर्गन आपल्याशी सुरात असेल, तर तो बेसूर नव्हे. आणि आपली पट्टी स्वतः ठरवणाऱ्या आपल्या गायकाला या चार-दोन कंपनांनी काय फरक पडतो? पण सुधारक कानस घेऊन बसतो. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. दोन्ही वेळा पितळ जाते ते जातेच. सूर चुकला म्हणून ते परत लावता येत नाही. १२२ जिभा अशा घासून निघाल्या की वाद्याचा गळाच कापला म्हणायचे. एखादा सूर खरोखर उतरला असेल तर त्याच्याच शेजाऱ्यांशी, सप्तकाशी जुळवून तेवढाच, आणि तोही जाणत्या हाताने, हळूच दुरुस्त करावा. बाकीच्यांना हात लावू नये.

माझ्या या आग्रहाला कोणी जुन्याचा हट्ट म्हणेल, म्हणून दूरचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत, विशेषतः नॅशव्हिल शहराच्या संगीतात, पेडल स्टील गिटार नावाचे वाद्य आहे. ज्या हवाईयन गिटारवर व्हॅन शिप्ले यांनी आपल्याकडे हिंदी चित्रपटांची गाणी वाजवली, तिची ही अमेरिकेतली बहीण. टेबलासारखी पायांवर उभी असते; तारांवर लोखंडी दांडा फिरवायचा, आणि पायाने पेडल दाबून तारेचा ताण बदलायचा. पेडलपासून तारेपर्यंत सळया, आस आणि कोनाडी तरफा यांचे जाळे पोटाखाली असते. १९५४ साली वेब पिअर्स या गायकाच्या एका तबकडीत बड आयझॅक्स यांनी हे पेडल वाजत्या तारेवर दाबले. सूर एकातून दुसऱ्यात वितळल्यासारखा झाला आणि सगळे वादक त्या मागे लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेली ती वाद्ये आज जुनी झाली आहेत. काहींच्या आतले ओतीव धातूचे भाग ठिसूळ होऊन तुटतात, जुन्या तरफा ढिल्या होऊन तार मूळ सुरावर परतत नाही.

तेथल्या जाणत्या वादकांनी काय केले? वाद्ये वितळवली नाहीत, भिंतीवरही टांगली नाहीत. लेथ चालवणाऱ्या कारागिरांकडून त्यांनी नव्या सळया, नव्या तरफा घडवून घेतल्या, जुन्याहून मजबूत आणि अचूक. पूर्वी एखाद्या तारेला फक्त चढवता येत असे, तिला उतरवण्याचीही सोय काहींनी करून घेतली. म्हणजे दुरुस्तीच नव्हे, सुधारणाही! पण मेपलच्या लाकडाचे जुने अंग आणि तारांचा आवाज टिपणारे जुने वेटोळे यांना जाणता माणूस उगीच हात लावत नाही, आणि काढलेले जुने भाग डब्यात घालून वाद्याबरोबर ठेवतो. यांत्रिक भागात धीट आणि आवाजाच्या भागात भित्रा, असा तो कारागीर. मला त्याचा धीटपणाही हवा आणि भित्रेपणाही.

आपल्याकडेही अशी धीट माणसे होऊन गेली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि क्लेमेंट्स या न्यायाधीशांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी सिद्ध केली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत त्यावरून वादही झाला. पेटी पटली न पटली हा प्रश्न वेगळा. पण आपल्या प्रयोगासाठी त्यांनी नवी पेटी बांधवून घेतली. कोणा गवयाची जुनी पेटी फोडली नाही. प्रयोग करायचा तर नव्यावर करावा, आणि जुन्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे जगू द्यावे, एवढा शहाणपणा त्या पिढीत होता.

विजेच्या पंख्याचा प्रश्न मला हमखास विचारतात. भात्याला मोटर जोडावी का? माझे उत्तर एका शब्दाचे नाही. सत्तरीतल्या वादकाचे गुडघे दुखत असतील, तर जरूर जोडावी. कलावंताने दुखऱ्या गुडघ्यांनी घरी बसावे यात कसली परंपरा आली? पण मोटर शेजारी राहावी, नळीने जोडलेली. पावड्या, पट्टे, छोटे भाते जागच्या जागी असावेत. उद्या तरुण पाय आले की नळी काढली, बूच बसवले, काम झाले. जो बदल परत फिरवता येतो तो मोकळ्या मनाने करावा. जो परत फिरवता येत नाही त्यापूर्वी शंभरदा विचार करावा. माझे सगळे शास्त्र या एका वाक्यात आले.

आणि काम तरी काय मोठे अवघड असते? अवघड असते ते शिस्तीचे. उघडण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. मोबाइलचा हा उपयोग ॲपपेक्षा चांगला. पट्ट्या काढताना प्रत्येकीवर मागून पेन्सिलीने आकडा घालावा, १ पासून ६१ पर्यंत. स्क्रू काड्यापेट्यांत घालून कुठला कुठून निघाला ते लिहावे. सूर काढले तर त्याच क्रमाने फळीवर मांडावेत. मुका झालेला सूर बहुधा मेलेला नसतो. धुळीचा एक कण जिभेखाली अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी सरकवली की तो बोलू लागतो. भात्याचे जुने कापड फेकण्यापूर्वी त्याचे माप कागदावर उतरावे, घड्या जशा होत्या तशाच नव्या कापडावर पाडाव्यात. झडपेचे चामडे मऊ आणि सपाट घ्यावे. ते थोडे जरी वाकले तरी पट्टी न दाबता सूर गुणगुणत राहतो. सगळे जागच्या जागी बसले की खुंट्या बंद करून दहा-बारा पावड्या माराव्यात, पाय उचलावेत आणि घड्याळ पाहावे. मोठा भाता सावकाश फुगत गेला तर काम पक्के. भसकन फुगला तर कुठेतरी गळती आहे, शोधा. मुलाला श्वास रोखून धरायला सांगून त्याच्या छातीचा दम पाहावा, तशी ही परीक्षा आहे.

शाळेच्या चालकांना माझी खास विनंती आहे. वर्षातून एक दिवस ऑर्गन उघडून मुलांना त्याच्याभोवती बसवा. हवेचा दाब, तरफ, झडप, कंपन हे धडे पुस्तकात चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात. येथे ते एका पेटीत एकत्र राहतात. ज्या पोराला गणितात गती नाही ते पोर पट्टा कुठे अडतो ते सर्वांच्या आधी ओळखते, हा माझा नेहमीचा अनुभव. वर्गात मागच्या बाकावर बसणारे असे हात पुढे यायला आणखी कुठली संधी आपण ठेवली आहे?

‘पण कारागीर आहेत कुठे?’ हा शेवटचा प्रश्न, आणि तो विचारणारे बहुधा असे असतात की ज्यांनी कारागीर शोधलेलाच नसतो. आहेत. थोडे आहेत, उतारवयाचे आहेत. पालिताण्याला अजून सूर घडतात. मोडलेल्या एखाद्या सुराची जागा भरता येते. हार्मोनिअम बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने शहरांतून अजून आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सर्वांनी पेढे वाटावेत अशीच ती गोष्ट. पण मानांकनाने पोट भरत नाही, कामाने भरते. आपण दहा वर्षे एकही काम द्यायचे नाही, आणि अकराव्या वर्षी कारागिराचा मुलगा हा धंदा का करत नाही म्हणून परिसंवाद भरवायचा, ही आपली रीत आहे. त्या परिसंवादाच्या हारतुऱ्यांचा आणि अल्पोपाहाराचा खर्च एखाद्या भात्याच्या कापडावर केला, तर संस्कृतीची सेवा अधिक होईल.

खर्च लागेल, नाही म्हणत नाही. वेळही लागेल. पण भजनी मंडळाने मिळून, नाट्यमंडळाने मिळून, माजी विद्यार्थ्यांनी मिळून एका गावात एक ऑर्गन उभा करणे आपल्याला झेपण्यासारखे आहे. मांडवाच्या रोषणाईला आपण हात आखडता घेतो का?

म्हणून यंदा माळा झाडताना तो जुना पेटारा दिसला, तर आधी त्याच्यावरची धूळ पुसा, झाकण उघडा आणि पावड्या दाबून पाहा. आतून कुठूनतरी एक उसासा येईल. पट्टे तुटलेले असले तर तोही येणार नाही; तरी घाबरू नका, पट्टे चांभार करून देईल. मुलांना हाक मारा, मागची फळी काढा, पितळी सुरांची ओळ त्यांना दाखवा. आणि दारात भंगारवाला उभा असेल, तर त्याला फराळाचे ताट द्या आणि सांगा, रद्दी घेऊन जा. पेटी यंदा आम्ही वाजवायला काढली आहे.